रास्ता पेठ ते खडकी, थांबत थांबत

दर वर्षी गणपती उठले की पंधरा-वीस दिवसांत मामाला इस्रायलहून एक फोन येतो. सुरुवात ठरलेली: "काय रे, आहेस का गेलास?" फोन करणारी ताई एके काळी मामाच्याच वाड्यात, समोरच्या दोन खोल्यांत राहायची. बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. आई गेल्यावर वर्षभरात ती नवऱ्याबरोबर डिमोनाला गेली. तिकडे ज्याला रोश हशाना म्हणतात त्या वर्षारंभाला ती अजून 'नव्याचा सण' म्हणते आणि त्याच निमित्तानं फोन करते. आता ऐंशी ओलांडली आहे, गुडघे गेलेत, पुण्याला येणं होणार नाही. म्हणून गेली तीन वर्षं तिचं एकच मागणं होतं: आईच्या कबरीवर जाऊन एक दगड ठेवून ये.

मामा तीन वर्षं "जातो, जातो" म्हणत होता. डिसेंबरात मी नाशिकहून तीन दिवस आले तेव्हा त्याला निमित्त मिळालं. "तू आहेस तर जाऊ. एकट्याला कंटाळा येतो," म्हणाला. कंटाळा नव्हे, धीर होत नव्हता, हे मामीनं स्वयंपाकघरातून ऐकवलं.

शुक्रवार

वाकडेवाडीला बसमधून उतरले तेव्हा अकरा वाजले होते. मामाचं घर रास्ता पेठेत, पॉवर हाऊसजवळ. वाडा कधीच पडला, त्याच जागेवर पाच मजली इमारत उभी आहे. आडाच्या जागी आता पार्किंग आहे. जेवताना मामानं डिमोनाला फोन लावला. ताईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आज दुपार झाली, आता नको. उद्या शब्बाथ, आमचा विश्रांतीचा वार, उद्या तर नकोच. रविवारी सकाळी जा. आणि हारबीर नेऊ नकोस, साधा दगड ने."

मग शुक्रवारची दुपार मोकळी पडली. मामा म्हणाला, चल, तुला घराजवळचीच एक समाधी दाखवतो.

सोमवार पेठेत, नागझरीच्या काठाला त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. कमला नेहरू हॉस्पिटलच्या बाजूच्या गल्लीत शिरलं की अचानक काळ्या दगडाचं ते तोंड समोर येतं. पुण्यात इतकं कोरीव काम असलेलं दुसरं देऊळ मी पाहिलेलं नाही. इंदूरजवळच्या धामपूरच्या भीमगीरजी गोसावींनी १७५४ साली ते बांधायला घेतलं आणि काम १७७० पर्यंत चाललं. आत मोरावर बसलेला, तीन सोंडांचा गणपती. गाभाऱ्याच्या बाहेर शिलालेख आहेत, संस्कृतातले आणि एक फारशीतला. गोसाव्याचं देऊळ, पेशव्यांचं पुणं, आणि भिंतीवर फारशी. तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नसावं, नाहीतर एवढ्या मेहनतीनं कोरून कशाला घेतलं असतं?

दर्शनी भिंतीवर एक गेंडा साखळदंडानं जखडलेला आहे आणि त्याला बांधणारे शिपाई टोपीवाले आहेत. इंग्रजांनी बंगाल-आसामाकडे हातपाय पसरले त्यावरची ही टिप्पणी, असं जाणकार सांगतात. मला त्या गेंड्याचं तोंड फार आवडलं. चिडलेला नाही, नुसता वैतागलेला आहे.

पण मामाला दाखवायचं होतं ते खाली. देवळाखाली तळघर आहे आणि तिथे गोसावी महंतांची समाधी. एरवी तळघरात पाणी साठलेलं असतं, गुरुपौर्णिमेला ते उपसून समाधी दर्शनाला उघडतात. आम्हाला अर्थातच वरूनच नमस्कार करावा लागला. मामा म्हणाला, "लोकांना वाटतं पुरणं म्हणजे आपलं नव्हे." खरं आहे. लिंगायत बसवून पुरतात, नाथपंथी आणि गोसावी समाधी देतात, आणि दात न आलेलं मूल गेलं तर ते कुणाच्याही घरात जाळत नाहीत. आजोळी परसात माझ्या एका न पाहिलेल्या मावशीची जागा होती, तिथे आजी कधीच भाजी लावायची नाही. हे मला त्या देवळाच्या पायरीवर आठवलं. त्याआधी कित्येक वर्षांत आठवलं नव्हतं.

परत येताना रास्ता पेठेतलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ बाहेरून पाहिलं, सुक्कथ शेलोमो, १९२१ सालचं. मामा लहानपणी ताईबरोबर इथे यायचा ते मलिदा खायला. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वर फळं. एलियाहू हन्नबी, म्हणजे एलिया प्रेषित, त्याच्या नावानं तबक भरायचं. बगदादच्या ज्यूला हे माहीत नाही, युरोपातल्या ज्यूला तर नाहीच. हे पोहे कोकणातले. "आईला सांगायचो सत्यनारायणाचा प्रसाद खाऊन आलो," मामा म्हणाला, "तिला कळायचं, बोलायची नाही."

नाना पेठेतल्या सिटी चर्चपाशी पोचेपर्यंत अंधार पडला होता. त्या चर्चची जमीन सवाई माधवरावांनी दिलेली. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि पोर्तुगीज अंमलदार होते, त्यांना प्रार्थनेला जागा हवी होती. १७९२च्या नाताळात तिथे पहिली प्रार्थना झाली. म्हणजे इंग्रजांचा झेंडा शनिवारवाड्यावर चढायच्या पंचवीस वर्षं आधी पुण्यात चर्च होतं आणि ते पेशव्यांच्या कृपेनं होतं. आतून नाताळच्या गाण्यांची तालीम ऐकू येत होती, कोकणीत. फलकावर कुणाच्या तरी पुण्यतिथीची सूचना मराठीत लावली होती, नावाआधी 'ख्रिस्तवासी'. मराठीनं हे छान करून ठेवलंय. हिंदू गेला की कैलासवासी, ख्रिस्ती गेला की ख्रिस्तवासी, मुसलमान गेला की पैगंबरवासी. जो तो आपापल्या पत्त्यावर. मी मामाला विचारलं, मग ज्यूंना काय म्हणायचं? त्याला सांगता येईना.

शनिवार

शनिवारी लाल देवळाला जायचं मी ठरवलं आणि ती माझीच चूक. तेही ज्यूंचंच प्रार्थनास्थळ, आणि शनिवारी शब्बाथ हे आदल्याच दिवशी ताईनं सांगितलं होतं, तरी डोक्यात शिरलं नाही. तेव्हा मोलेदिना रोडवर फाटकाबाहेर उभं राहून पाहिलं. लाल विटांची ती उंच बांधणी, मनोरा, वर घड्याळ. लांबून चर्चच वाटतं, आणि पुणेकरांनी त्याला म्हणायचं ठरवलं देऊळ. तिन्ही धर्मांचा कारभार एका इमारतीत उरकला. खरं नाव ओहेल डेव्हिड. डेव्हिड ससून यांनी १८६३ साली बांधायला घेतलं आणि ते १८६७ मध्ये पुरं झालं. ते पाहायला ससून राहिले नाहीत. नोव्हेंबर १८६४ मध्ये ते पुण्यातच वारले. त्यांची कबर आवारातच आहे, वेगळी बांधलेली, इमारतीच्याच घडणीची.

ज्याच्या नावाचं हॉस्पिटल पुण्यातल्या प्रत्येक घरानं कधी ना कधी पाहिलंय, त्या माणसाची कबर इथे आहे हे किती पुणेकरांना ठाऊक असेल? 'ससूनला नेलं' हे आपण इतक्या वेळा म्हणतो की ससून हे कुणाचं नाव असेल असं वाटतच नाही. बगदादमध्ये जन्मलेला हा माणूस तिथल्या छळाला कंटाळून मुंबईला आला. कापूस आणि अफूच्या व्यापारात त्यानं अमाप पैसा केला. अफूचं कुणी सांगत नाही, पण ते सांगायला हवं. त्या पैशातून इस्पितळं आणि शाळा उभ्या राहिल्या, हेही तितकंच खरं.

फाटकाबाहेर उभ्या उभ्या मामानं एक गोष्ट सांगितली, ती त्याला ताईच्या वडिलांनी सांगितलेली. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले 'शनिवार तेली'. धंदा तेलघाण्याचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून ते नाव. त्यांची आख्यायिका अशी की अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. वाहून आलेल्या बाकीच्यांना तिथेच किनाऱ्यावर पुरलं. म्हणजे या जमातीची या देशातली पहिली वास्तू कुठली, तर दफनभूमी. पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर अशी आडनावं, नऊवारी लुगडं, मराठीत कीर्तनं. पुढे बगदादहून श्रीमंत ज्यू आले, त्यांना या काळ्यासावळ्या, मराठी बोलणाऱ्या धर्मबंधूंची जरा शंकाच होती. हे खरंच ज्यू का? मुंबईत दोघांची दफनभूमी एकच होती. १८३६ साली बगदादींनी सरकारकडे अर्ज केला की मधे भिंत घाला.

"मेल्यावर सोवळं," मामा म्हणाला. "आपल्याकडून शिकले असतील."

चार बावडीला बाबाजानच्या दर्ग्यात मात्र आत जाता आलं. हजरत बाबाजान ही पठाण बाई, कुठून कुठून फिरत पुण्याला आली आणि लष्करातल्या, म्हणजे पुणे कॅम्पातल्या, या रस्त्यावर एका कडुनिंबाखाली बसली. ऊन-पावसात तिथेच. गर्दी वाढत गेली आणि शेवटी तिच्याभोवती छप्पर उभं राहिलं. १९३१च्या सप्टेंबरात ती गेली, तिथेच तिची मजार. आम्ही गेलो तेव्हा आत एक पारशी बाई डोक्यावर रुमाल बांधून बसली होती, दोन मुसलमान म्हातारे आणि एक मुलगा, कपाळाला अष्टगंध. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

पारशी का, तर त्याला कारण आहे. १९१३ साली डेक्कन कॉलेजात शिकणारा एक इराणी, म्हणजे पारशांच्याच धर्माचा, मुलगा रोज इथून सायकलवरून जायचा. एके दिवशी बाबाजाननं त्याला हात करून बोलावलं. तो थांबला, आणि मग येतच राहिला. तोच पुढे मेहेरबाबा झाला.

मामा बाहेर येऊन चपला घालता घालता थांबला. "मी बत्तीस वर्षं सायकलवरून गेलो," म्हणाला. "खडकीला. रोज त्या गोऱ्यांच्या कब्रस्तानावरून."

"मग?"

"मग काय. मला कुणी हात केला नाही."

मामा दारूगोळा कारखान्यात फिटर होता. १८६९ सालचा कारखाना, त्यात त्याचे वडीलही होते. मुळा रोडवरून सकाळी भोंग्याच्या आधी पोचायचं आणि संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत. वाटेत कुंपणापलीकडे हिरवळ आणि दगडांच्या रांगा. कधी आत गेला नाही. "उद्या तिकडेही जाऊ," मी म्हटलं. तो काही बोलला नाही, पण मामीसाठी बिस्किटं घ्यायला रांगेत उभा राहिला तेव्हा दोन वेळा म्हणाला, रविवारी उघडं असतं का काय माहीत.

रविवार

सकाळी सातला मामा तयार. खिशात तीन गोटे. इमारतीच्या दारातल्या कुंडीतले पांढरे शोभेचे गोटे उचलले होते. मामी म्हणाली, सोसायटीचे आहेत, सेक्रेटरी बोंब मारेल. "मेलेल्यांकडून परत आणणार आहे का तो?" मामा म्हणाला.

रिक्षावाल्याला 'ज्यू लोकांची दफनभूमी' कळेना. 'यहुदी' म्हटलं, नाही कळलं. 'इस्रायली' म्हटल्यावर त्यानं मागे वळून आमच्याकडे नीट पाहिलं. मग त्यानं आम्हाला आधी एका मुसलमानांच्या कब्रस्तानाशी नेलं, तिथून एका ख्रिस्ती दफनभूमीशी. लष्कर वसलं तेव्हा जो तो आपली माणसं वस्तीबाहेर पुरत होता. गाव वाढत गेलं आणि ती सगळी बाहेरची जागा आता भर शहरात आली. शेवटी ख्रिस्ती दफनभूमीच्या दाराशी झेंडूवाली बसली होती, तिनं बोटानं दाखवलं. "ते दगडवाले ना? तिकडे. फुलं घेत नाहीत ते लोक." धंद्याचं ज्ञान.

आत कुणी नव्हतं. गवत गुडघ्याएवढं, मधे पायवाट. कबरी लांबट, काही सिमेंटच्या, काही काळ्या दगडाच्या. मी एकीपाशी खाली बसले. वरच्या ओळी हिब्रूत, चौकोनी अक्षरं, त्यांत शेवाळ भरलेलं. त्याखाली इंग्रजी. आणि त्याखाली मराठी, बाळबोध, ठसठशीत: अमुक यांची पत्नी, राहणार अमुक, मृत्यू तारीख. 'ळ' कोरताना कारागिराला जागा पुरली नव्हती म्हणून त्यानं तो किंचित वर चढवला होता. हिब्रू कुणीतरी कागदावर लिहून दिलं असणार आणि त्यानं चित्रासारखं उतरवलं असणार. मराठी मात्र हाताला सवयीची, सरळ ओढीनं आलेली. बोटानं दोन्ही चाचपून पाहिलं तर फरक कळत होता. हिब्रूचे घाव उथळ, मराठीचे खोल.

ताईच्या आईचं नाव आणि आडनाव आम्हाला पाठ होतं. मागच्या भिंतीजवळ सापडलं. मामानं आधी पालापाचोळा हातानं लोटला, मग रुमालानं दगड पुसला. गोटा ठेवला तो डोक्याशी. मग उगीच जरा सरळ केला. नमस्कार करायचा का नाही ते त्याला समजेना, शेवटी केला. मी फोटो काढून डिमोनाला पाठवला.

मग खडकी. फाटक उघडं होतं.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती कापलेलं गवत. सकाळी जिथून आलो त्याच्या अगदी उलट. रांगा दोरी धरून आखल्यासारख्या, प्रत्येक दगडापाशी फुलझाड. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेले दुसऱ्या महायुद्धातले सैनिक, ज्यांच्या कबरींची पुढे देखभाल होईल याची खात्री नव्हती, ते इथे आणले. अशा १,६६८ कबरी. शिवाय पहिल्या महायुद्धाचं स्मारक, त्यावर १,८००हून जास्त नावं. त्यातले ६२९ जण मुंबईत शिवडीच्या दफनभूमीत होते, त्यांचे अवशेष जून १९६२ मध्ये इथे आणून पुन्हा पुरले. म्हणजे मरून चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाल्यावर घाट चढून खडकीला. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतले सैनिकही इथे स्मरणात आहेत. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढायला आफ्रिकेतून अख्ख्या डिव्हिजन आल्या होत्या, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात एका ओळीनंही नव्हतं.

या दफनभूम्या सांभाळणारं कॉमनवेल्थचं युद्धकबर कमिशन १९१७ साली निघालं. त्यांचा नियम असा की हुद्दा, वर्ण, धर्म काही बघायचं नाही, सगळ्यांचा दगड एकसारखा. कागदावर तसा नियम. नेहमी पाळला गेला असं नाही, आफ्रिकेत आणि इतरत्र हजारो काळे सैनिक बिननावाचे राहिले आणि कमिशननंच २०२१ साली त्याची माफी मागितली. पण खडकीच्या त्या रांगांमध्ये उभं राहिलं की कॅप्टन कुठला आणि शिपाई कुठला हे वाचल्याशिवाय कळत नाही, एवढं खरं.

मामा वयं वाचत चालला होता. मोठ्यानं. एकोणीस. बावीस. एकवीस. बत्तीसला थांबला आणि म्हणाला, हा जरा जगला. बऱ्याच दगडांवर खाली घरच्यांनी लिहून पाठवलेली एखादी ओळ होती. त्यातल्या बहुतेकांनी खडकी कधी पाहिलं नसणार.

"आमच्या इथला माल त्यांच्याकडेच जायचा," मामा एकदम म्हणाला. "वडील होते तेव्हा कारखान्यात. तीन पाळ्या चालायच्या युद्धात." मग बराच वेळ गप्प.

भिंतीतल्या एका कप्प्यात नोंदवही होती. पाहुण्यांनी नाव, गाव आणि शेरा लिहायचा. वरचे शेरे इंग्रजीत, परदेशी पत्त्यांचे. मामानं चष्मा लावला, 'रास्ता पेठ' असं लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवून उभा राहिला. शेवटी लिहिलं, 'हिरवळ उत्तम ठेवली आहे.' मला हसू आलं. तो म्हणाला, कामगाराला तेवढंच वाचायला बरं वाटतं.

रिक्षात बसतोय तोवर डिमोनाचा फोन. स्पीकरवर टाकला.

"अरे, फोटो पाहिला. ही माझी आई नव्हे."

"म्हणजे?"

"ही माझी चुलत आजी. आईला तिचंच नाव ठेवलं होतं ना माहेरचं, लग्नानंतरही तेच राहिलं. साल बघितलंस का खाली?"

साल आम्ही बघितलंच नव्हतं. मामाचा चेहरा पडला. गोटा परत काढून आणू का, म्हणाला. ताई पलीकडून इतकी हसली की रिक्षावालाही हसायला लागला. "ठेवलेला दगड उचलतात का? राहू दे तिच्याकडे, तिच्याकडे कोण जातंय? आईकडे परत जा सवडीनं. डाव्या हाताची दुसरी रांग."

फोन ठेवायच्या आधी मला आठवलं, मी शुक्रवारचा प्रश्न विचारला. गेलेल्या माणसाच्या नावामागे तुमच्यात काय म्हणतात? ताई म्हणाली, पुरुष असेल तर 'अलाव्ह हाशालोम', बाई असेल तर 'अलेहा हाशालोम', तिच्यावर शांती असो. "पण माझी आई मराठीतच म्हणायची. म्हणायची, बिचारी सुटली."

मी त्या रात्री नाशिकला परतले. बुधवारी मामा एकटाच गेला. फोटो पाठवला, त्यात अर्ध्या दगडावर त्याचा अंगठा आलाय, पण साल दिसतंय.